मेमध्येच निघायचं

जुन्नरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली एक फियाट उभी आहे. १९७५ची प्रीमियर पद्मिनी. मूळची पांढरी, आता सायीच्या रंगाची. अब्बांनी मुंबईत छत्तीस वर्षं टॅक्सी चालवली. टॅक्सी विकून गावी परतले तेव्हा कुणाकडून तरी ही खाजगी नंबरची जुनी गाडी घेऊन आले. "जिंदगीभर मीटर देखा, अब बिनामीटर चलाऊंगा," म्हणाले. पण चालवली कुठवर? बाजारापर्यंत, दवाखान्यापर्यंत आणि नात्यातल्या मयतींना. अम्मी कायम मागच्या सीटवर, कारण पुढे कुणीतरी पाहुणा असायचाच.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली होती, तिची वीस वर्षांची मुदत संपली. टीव्हीवर ती बातमी चालू होती तेव्हा अब्बा उठले, शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडून बराच वेळ तसेच उभे राहिले. मी चहा घेऊन गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "अब्बा, हिला एकदा घाटात नेऊ या. फक्त फिरायला."

त्या दिवसापासून आमच्या घरात बेत शिजतो आहे. अब्बांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही संध्याकाळी नीट दिसत नाही. तेव्हा गाडी मी चालवायची. पंचवीस वर्षं शाळेत शिकवणारी मी, रविवारी पटांगणावर अब्बांकडून स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर शिकले. पहिले चार रविवार नुसते दात खाल्ल्याचे आवाज. "घाट में गाडी को इंजन रोकता है, ब्रेक नही," हा त्यांचा पहिला धडा. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबले तर तापतात आणि नेमक्या वळणावर दगा देतात.

कागदपत्रांचीही गंमत झाली. माझ्या मुलीने शोधून काढलं की २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप न बदललेली गाडी 'विंटेज' ठरू शकते. अब्बा खूश! मग पुढचं वाचलं: विंटेज झाली की ती एरवी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल, एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची. "मतलब इज्जत दिये और घर में बिठाये," अब्बा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं निवृत्तीनंतरचं आयुष्य आलं असावं. आम्ही साधं नूतनीकरणच करून घेतलं, पाच वर्षांचं.

मार्ग अब्बांनी आखला. पावसाळ्यात निघायचं. जुन्नरहून आधी नाणेघाट. सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता तो, राणी नागनिकेचा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. "टोलनाका तब भी था!" हा अब्बांचा आवडता विनोद. गाडी वर पठारापर्यंतच जाते, खाली कोकणात उतरायचं तर आजही पायीच. मग तिथून परत येऊन मढवरून माळशेज. टॅक्सीतून दुसऱ्यांची पोरंबाळं त्यांनी या घाटातून किती वेळा आणली असतील! धबधब्याखाली माणसं भिजायची आणि अब्बा काच पुसत थांबायचे. आता एकदा त्यांना स्वतः उतरून भिजायचं होतं. मोटारीच्या टपावरच धबधबा पडतो, असं ते मला लहानपणी सांगायचे, आणि ते खरं आहे. दरडीही तिथेच पडतात, हे ते सांगायचे नाहीत. त्यात ही गाडी मूळची तुरीनची, आल्प्सच्या पायथ्याची. डोंगर तिच्या रक्तातच आहे, असं मीही कौतुकाने म्हणत होते.

हे सगळं अम्मी तांदूळ निवडत ऐकत होती. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि बायकांच्या प्रश्नांवर मी भाषणं करते. एका रात्री तीच म्हणाली, "मेरेकू माळशेज नक्को. मेरेकू आंबेगाव देखना है."

आंबेगाव हे अम्मीचं माहेर. तालुक्याला नाव त्या गावाचं, कचेऱ्या घोडेगावात आणि गाव डिंभे धरणाच्या पाण्यात. घोड नदीकाठच्या त्या बाजारपेठेत नानांचं मणेरीचं दुकान होतं. आपली तीन-चारच घरं. धरण झालं, घरं उठली, माणसं मंचर-घोडेगावकडे पांगली. सामान नेता आलं. नानांची कबर नेता आली नाही. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे ते. १९३०मध्ये मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि चिरडले गेले. अम्मीला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ती आजही 'बाबू गेनू सागर' म्हणत नाही, 'हमारा आंबेगाव' म्हणते.

मग सगळा बेत उलटला. पावसाळ्यात डोंगर हिरवे, पण जलाशय भरत जातो. पाणी तळाला जातं ते मेअखेरीस. तेव्हा जुनी मंदिरं, चौथरे उघडे पडतात. म्हणजे निघायचं ते भर उन्हात, करपलेल्या डोंगरांतून.

अब्बा दोन दिवस गप्प होते. माळशेजचं त्यांच्या मनातून जाईना. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मई में पंप पकडेगी." म्हणजे उन्हाने पेट्रोलपंपात वाफ धरते आणि गाडी चढावर बंद पडते. त्यावर टॅक्सीवाल्यांचा जुना इलाज, पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून नवे भाग मागवले. माझ्या मनात आलं, डिंभ्याचं पाणी कालव्याने उसाला जातं, उसाचं इथेनॉल होतं आणि ते आमच्या टाकीत येतं. हे अम्मीला सांगितलं नाही.

आता ठरलं आहे. मेचा शेवटचा आठवडा, फजरनंतर लगेच. घोडेगाव, शिनोली, डिंभे, मग आहुप्याच्या रस्त्याने पाण्याच्या कडेकडेने. कबर दिसेल असं नाही. इतक्या वर्षांचा गाळ आहे. काठावरूनच फातेहा पढायचा.

पंपासाठी फडकं अम्मीनेच दिलं, तिच्या सुती साडीचं. बसायचं कसं, यावरही चर्चा झाली. फियाटची पुढची सीट सलग, गिअर वर, त्यामुळे पुढे तिघे बसतात. मी चालवणार, अब्बा मध्ये, आणि खिडकीशी अम्मी. जाताना पाणी दुसऱ्या हाताला आलं तर? अब्बांनी हिशेब केला : "आते वक्त तो तेरीच बाजू आयेगा ना."