आईसोबत मोठ्या हॉटेलात

मोठ्या हॉटेलात जेवायला जाणे हा आपल्या समाजात अजूनही कुजबुजीचा विषय आहे. कोणी गेलाच तर "पैसा फार झाला वाटतं" असे म्हटले जाते. चळवळीतले आमचे काही सहकारी याला सरळ चैन म्हणतात. चैन ती आहेच. एका जेवणात घरचा महिन्याचा किराणा जातो, हे आमच्यासारख्या कारकुनाला कोणी सांगायला नको. तरीही लेकीने पहिल्या पगारातून आजीला दक्षिण मुंबईतल्या एका उंची हॉटेलात न्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही विरोध केला नाही. हॉटेल ही आपल्या लोकांच्या लेखी नुसती खाण्याची जागा कधीच नव्हती.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत वाचकांना ठाऊक असेल. स्पृश्यांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्याही पुढे गेला. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्कसुद्धा लिहिलेला आहे. कायदा करणाऱ्यांना भांड्यांपर्यंत खाली उतरावे लागले, यावरून रोग किती खोल होता ते कळते.

हा कायदा झाला तेव्हा आमची आई दहा वर्षांची होती. खटाव तालुक्यातल्या तिच्या गावी रस्त्याकडेच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वळचणीला खोचलेले असत. कप आपणच काढायचा, विसळायचा, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, पुन्हा विसळून जागेवर ठेवायचा. कायदा झाल्यावरही पुष्कळ वर्षे कप तिथेच होते. हे तिने आम्हांला कधी सांगितले नव्हते. सांगितले ते त्या दिवशी. वेटर टेबलावर काचेचे पेले मांडत होता. माणसे चार आणि पेले आठ. आईने हळूच विचारले, "ह्यातला आपला कंचा?" लेक म्हणाली, "हे दोन तुझे, आजी." मग कपाची हकीकत निघाली.

मेनूकार्ड जाड पुठ्ठ्याचे. त्यात प्रत्येक पदार्थाला घराणे होते. कोणी अवधचे, कोणी पेशावरचे, कोणी चेट्टिनाडचे. आपल्या वजडीला, चान्यांना, सुकटीला मात्र कुठल्या मेनूकार्डात घराणे मिळत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून या अन्नाची दखल घेतली; ते पुस्तक प्रत्येक घरात असावे असे आम्हांला वाटते.

लेकीने नल्ली निहारी मागवली. तांब्याच्या भांड्यातून रस्सा आला, वर दोन हाडे उभी. आई पाहतच राहिली. "अगं, ही तर नळी!" रात्रभर मंद आचेवर शिजवतात वगैरे वेटर हिंदीत सांगत होता, पण आईला नळीची ओळख करून देण्याची गरज नव्हती. तिने हाड उचलले आणि ताटाच्या काठावर आपटले. ठक, ठक. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवली. लेकीचा चेहरा पडला. "आजी, हळू. चमच्यानं काढतात."

"चमचा पोचतो व्हय आतपातूर?" असे म्हणून आईने पुन्हा एकदा आपटले.

खरे सांगायचे तर आईच्या आवाजाचे आम्हांला काही वाटले नाही, लेकीच्या चेहऱ्याचे वाटले. ही मुलगी शिकली, पगार बँकेत जमा होतो, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असते. पण ऑफिसच्या डब्यात सुकट नेत नाही, हे तिच्या आईला ठाऊक आहे. शेजारच्यांनी आवाजामुळेच पाहिले असेल, कदाचित नळी त्यांनाही खायची असेल. लेकीला मात्र त्या ठकठकीने आपण ओळखले जाऊ असे वाटले. वळचणीचा कप आता कोणी वेगळा ठेवत नाही, तर आमची मुलेच तो मनात खोचून फिरतात. रागवायचे कोणावर? आम्ही गप्प राहिलो. आमच्या सहचारिणींनी मात्र दुसरी नळी उचलली आणि सासूपेक्षा जोरात आपटली. लेक थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली. मग तिने वेटरला हाक मारून आणखी दोन रोट्या मागितल्या, आणि त्याही नेहमीच्या आवाजात.

बिल आले ते आम्ही सवयीने तपासले. पदार्थांचे ५२०० रुपये, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ५२०, आणि एकूण ५७२० वर पाच टक्के जीएसटी २८६. हे सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा सूचना काढल्या आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या योग्य ठरवल्या. मॅनेजर म्हणाले, "सर, सगळेच देतात." आम्ही म्हणालो, "आम्ही देणार आहोत, पण ज्याने वाढले त्याच्या हातात." बिल ५४६० चे होऊन परत आले. शंभराच्या पाच नोटा आम्ही वेटरच्या हातात ठेवल्या. पोऱ्या बिहारचा होता. आईने त्याला जेवलास का म्हणून मराठीत विचारले, आणि त्याला ते कळले.

बाहेर आल्यावर आईने नळीचा भाव विचारला. लेकीने अर्धाच सांगितला. तोही ऐकून आई फुटपाथवर उभी राहिली.