‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

मैत्रिणींनो, निरोप इकडचा तिकडे झाला की ‘ध चा मा केला’ असं आपण किती सहज म्हणून जातो, नाही का? पण अर्थ विचारा पाहू! मी इथं राहूला अर्धवेळ मराठी शिकवते. पुष्कळ मुलं ‘ऐकण्यात चूक होणे’ असा अर्थ लिहितात. गोम आहे ती इथंच.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात गारद्यांनी ठार मारलं. राघोबादादांनी गारद्यांना ‘नारायणरावास धरावे’ असं लिहून दिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, असं सांगतात. मुलं कधी कधी नुसतं ‘ध चा म’ लिहितात. मग मी फळ्यावर लिहून दाखवते : धरावे, मरावे, मारावे. नुसता ‘म’ केला तर माणूस आपला आपण मरेल! काना दिला, तेव्हा कुठे मारणारा आला. म्हणजे ही नजरचूक नव्हे, जाणूनबुजून केलेला बदल. वाक्प्रचाराचा अर्थ तोच.

आता आणखी एक. आनंदीबाईंची ही कथा तोंडोतोंडी चालत आलेली. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र दोषी धरलं ते खुद्द राघोबादादांना, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पण त्या न्यायाचा वाक्प्रचार काही झाला नाही. राघोबादादांना ‘राघोभरारी’ मिळाली, तीसुद्धा अटकेपर्यंत मारलेल्या घोडदौडीची! घराघरांत बोलण्यात राहिला तो बाईनं दिलेला काना. मला हे खटकतं बाई.

खटकायला कारणही तसंच घडलं. आमच्या ओळखीच्या एका घरी नणंदेचा फोन आला, ‘मंगळवारपर्यंत येते.’ नव्या सूनबाईनं सासूबाईंना सांगितलं, ‘वन्सं मंगळवारी येतायत.’ नणंदबाई रविवारीच दारात हजर! घरात ना पुरणाची तयारी, ना पाहुण्यांची अंथरुणं. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘हिनं ध चा मा केला.’ पोर दोन दिवस जेवली नाही. सासूबाईंना कळेना, एवढं काय झालं? अहो, एक ‘पर्यंत’ राहून गेलं म्हणजे विसर पडला. ‘ध चा मा’ म्हणजे कपट. ते शब्द सुनेच्या जिव्हारी लागले, त्यात नवल काय?

मी त्यांना शनिवारवाड्याची सगळी गोष्ट सांगितली, कान्यासकट. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘आम्ही आपलं ऐकलंय तसं बोलतो हो!’ हल्ली त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरला दोरीनं पेन्सिल बांधलेली असते. फोन कुणीही घेवो, निरोप त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. परवा गेले तर त्यात सासूबाईंचंच अक्षर होतं.