बार कुणी काढला?

बार गाडी काढते. माणूस नाही काढत. एवढी साधी गोष्ट चावडीसमोर ठेवायला मला आठ दिवस, एक वही आणि तीन दिवसांची हजेरी घालावी लागली. म्हणून हे लिहितोय.

आमच्या वस्तीत एक पिकअप आहे. पेट्रोलची, चार सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. वयानं माझ्यापेक्षा मोठी. काका तिच्यातून भाजीचे क्रेट बाजाराला नेतात. चौदा एप्रिलला तिच्यावरच बाबासाहेबांचा फोटो चढतो. ही गाडी चावडीसमोर आली की सायलेन्सरमधून धाडकन बार व्हायचा. ओट्यावरची माणसं आधी हसली. मग म्हणाली, 'ही पोरं मुद्दाम करत्यात. आमच्या दारात येऊन बार काढत्यात.' जयंती दोन महिन्यांवर आलेली. मिरवणुकीचा रस्ताच बदला, अशी भाषा सुरू झाली.

आमच्यातली काही पोरं उलट खूष. 'काढतोय म्हणा की! भ्यात्यात तर भिऊ द्या.' मला हे पटत नव्हतं. जो बार आपण काढला नाही, तो आपल्या नावावर का घ्यायचा? उद्या कागद झाला तर कोर्टात इंजिन उभं राहणार नाही. पोरगं उभं राहील.

मी वही घेतली. आठ दिवस रात्रपाळी करून सकाळी काकांच्या शेजारी बसलो. बार कुठं झाला, कितव्या गिअरमध्ये, गाडी भरलेली की रिकामी, काकांचा पाय कुठं होता, सगळं मांडलं. सतरा बार झाले. सतराच्या सतरा उतारावर, अॅक्सिलेटरवरचा पाय उचलल्यावर. चावडीसमोर उतार आहे. परत येताना तोच रस्ता चढ होतो, तेव्हा गाडी गप्प. आणि कॅनॉलच्या उतारालाही बार होतो, तिथं तर कुणाचं घरच नाही. तिथं आम्ही कुणाला भिववत होतो? बगळ्यांना?

आता बाराचं कारण बघा. बॅकफायर दोन जातीचा. (जात शब्द इथंही सुटत नाही.) एक कार्बोरेटरकडून उलटा येतो, खोकल्यासारखा. हवा जास्त नि पेट्रोल कमी झालं, स्पार्कचा टायमिंग बिघडला, प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या किंवा आत घेणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसला, की तो येतो. दुसरा सायलेन्सरमधून. सिलिंडरमध्ये जळायचं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, तापलेल्या पाइपात त्याला हवा भेटते आणि तिथं ते पेटतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात, न जळालेलं पेट्रोल आणि बाहेरची हवा. आमचा बार दुसरा.

तालुक्याच्या मिस्त्रीनं आधीच पुष्कळ बदललं होतं. प्लग नवे, वायरी नव्या, कंडेन्सर नवा, कार्बोरेटर दोनदा धुतलेला. पार्ट नवे, आवाज जुना. मी वही दाखवली तेव्हा त्यानं इंजिनाला जोडलेल्या सायलेन्सरच्या पाइपाचं पॅकिंग बघितलं. फुटलेलं, कडेला काजळी. तिथून हवा शिरत होती. पॅकिंग बदललं. बार बारीक झाला, पण गेला नाही. हवा अडवली, तरी न जळणारं पेट्रोल येतच होतं.

मग डिस्ट्रिब्युटर. त्याला एक रबरी नळी असते, इंजिनाच्या ओढीनं ती टायमिंग पुढं सरकवते. आतला पडदा फाटलाय का हे बघायचं तर नळी तोंडानं ओढायची. जीभ नळीला चिकटून राहिली तर पडदा शाबूत. मिस्त्रीनं नळी माझ्यापुढं धरली. म्हणाला, 'तुमची गाडी, तुम्हीच तोंड लावा.' त्याला नळीच्या तेलाची किळस होती की आणखी कशाची, मी विचारलं नाही. ओढली. जीभ चिकटली. पडदा चांगला होता.

पण मला मुंबईची गिरणी आठवली, जी मी पाहिलेली नाही, आजोबांकडून ऐकली. विणकामात धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून काढायचे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसाला तिथं उभं राहू दिलं नाही. पगार तिथं चांगला होता. आपल्या वाट्याला त्रासनखातं, चाती आणि कमी पगार. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपवाल्यांपुढं ठेवला होता. लाल बावट्याखालीसुद्धा तोंड बाटत होतं.

आजोबा त्रासनात होते, 1982 च्या संपापर्यंत. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चाती जरा डुलली तरी धागा तुटतो. सूत बदला, ट्रॅव्हलर बदला, काही होत नाही. चातीचं बूड बघावं लागतं. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायला लावलं, मधला दांडा दोन बोटांत धरला आणि आडवा हलवला. डुलला. चातीसारखाच.

फीलर गेज लावलं. एका कडेला पॉइंटची फट 0.40 मिलिमीटर, दुसरीला 0.55. दांड्याचा बुश झिजलेला. फट कितीही वेळा लावा, दांडाच जाग्यावर नाही तर ती टिकणार कशी? स्पार्क कधी आधी, कधी उशिरा, कधी नाहीच. उतारावर पाय उचलला की आतलं मिश्रण आधीच पेटायला अवघड असतं, म्हणून पहिला स्पार्क तिथं चुकायचा. लेथवाल्यानं पितळी बुश करून बसवला. पॉइंट नव्यानं लावले. गाडी चावडीसमोरून गप्प उतरली. कॅनॉललाही गप्प.

चावडीनं चूक कबूल केली का? नाही. 'आता स्पीकरचा आवाज लई येतो,' म्हणाले. पण मिरवणुकीच्या बैठकीत मी वही उघडून सतरा ओळी वाचल्या तेव्हा रस्ता बदलायची भाषा बंद पडली. बगळ्यांची ओळ आली तेव्हा त्यांच्यातलाच एक म्हातारा हसला.

कार्यकर्ते मित्रांनो, मी गाडीची गोष्ट एवढ्यासाठी सांगतोय. आपल्यावर आळ येतो तेव्हा आपण एक तर ओरडतो, नाही तर छाती पुढं काढून तो अंगावर घेतो. आपल्याला कुणी शिवी दिली तर फिर्यादीलाही हेच लागतं: कुठं, किती वाजता, कोणते शब्द, कोण ऐकत होतं. जातीवरून अपमान लोकांच्या देखत झाला का, हे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बघितलं जातंच. चार दिवसांनी आठवून सांगितलं की वकील त्यात भोकं पाडतो.

वही ठेवा. तारीख घाला. पाय कुणाचा, उतार कुठला, ते त्याच दिवशी लिहा.