गाडीचा दम

दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत ‘हाफ इंजिन’ असा एक शब्द आहे. हेड आणि सिलेंडरचा ब्लॉक उतरवायचा, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन व नव्या रिंगा बसवायच्या, व्हॉल्व्ह पाहायचे, पॅकिंग बदलून सारे पुन्हा आवळायचे, एवढे काम म्हणजे हाफ इंजिन. त्याखालचा क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे बाहेर काढावी लागली की ते ‘फुल’ झाले. मोखाड्यात मराठी शिकवत असताना हा शब्द मी अनेकदा ऐकला. त्याच्या अर्थाकडे नीट पाहण्याची वेळ आली ती एका विद्यार्थ्यामुळे.

त्याच्याकडे 150 सीसीची जुनी गाडी होती. “सर, गाडीत दम नाही, घाटात मरते,” अशी त्याची तक्रार. मोबाइलवर चलच्चित्रे पाहून त्याने उपायही ठरवला होता: मोठ्या बोअरचे सिलेंडर आणि उंच माथ्याचा, जास्त दाब देणारा पिस्टन. संचासोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत होते. ते समजावून घेण्यासाठी तो माझ्याकडे आला.

त्याची मागणी मला पोरकट वाटली नाही. इथे मोटारसायकल हा छंद नाही. जव्हारचे रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर. त्याहून मोठ्या उपचारासाठी तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकेश्वरवरून नाशिक गाठावे लागते. पाड्यावर वेळेला दुसरे वाहन मिळेलच असे नाही. आजारी माणूस, खताची गोणी, परीक्षेला निघालेली बहीण, सगळ्यांचा भार त्याच एका गाडीवर असतो. पावसाळ्यात चढावर दोन माणसे बसलेली गाडी अडली की ‘दम’ हा शब्द अलंकारिक राहत नाही.

मराठीने या शब्दात श्वास, ताकद आणि धीर हे तिन्ही अर्थ सांभाळले आहेत. इंजिनाच्या बाबतीत पहिला अर्थ अगदी अक्षरशः खरा आहे. पिस्टन खाली जाताना इंजिन हवा आणि पेट्रोलाचे मिश्रण ओढून घेते. सिलेंडरचा व्यास वाढवला की हा श्वास मोठा होतो, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 2001 साली आलेल्या बजाज पल्सरचे उदाहरण घ्या. 150 आणि 180 या दोन्ही गाड्यांत पिस्टनची धाव 56.4 मिलीमीटरच होती. व्यास मात्र एकीत 57, दुसरीत 63.5. साडेसहा मिलीमीटरच्या फरकाने 143.9 सीसीचे 178.6 सीसी झाले, म्हणजे 24 टक्के वाढ. यामाहाच्या आरएक्स 100 आणि आरएक्स 135 या जोडीतही धाव दोन्हीकडे 50 मिलीमीटर. फरक तेवढा व्यासाचा, 50 आणि 58.

दाबाचे गणित वेगळे आहे. तिथे श्वास मोठा होत नाही. घेतलेलाच श्वास अधिक आवळला जातो. पिस्टन तळाशी असतानाची एकूण जागा आणि तो वर पोचल्यावर उरणारी जागा यांचे गुणोत्तर 9 वरून 11 वर नेले, तर आदर्श चक्राच्या गणितात कार्यक्षमता 58.5 टक्क्यांवरून 61.7 टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात मिळते ते याहून बरेच कमी. शिवाय हे दोन बदल परस्परांपासून सुटे नाहीत. हेड तेच ठेवून नुसता बोअर वाढवला, तरी त्याच जागेत जास्त मिश्रण कोंबले जाते आणि दाब आपोआप चढतो. त्यावर उंच माथ्याचा पिस्टन म्हणजे वाढीवर वाढ.

आता ‘हाफ’ या शब्दाकडे वळू. पिस्टनचा पृष्ठभाग 24 टक्क्यांनी वाढला, तर तितक्याच दाबाला कनेक्टिंग रॉडवरचा जोरही 24 टक्क्यांनी वाढतो, आणि इथे तर दाबही वाढलेला. तो जोर क्रँकवर, बेअरिंगांवर, क्लचच्या प्लेटांवर, शेवटी चेनवर उतरतो. काम वरच्या अर्ध्या भागात होते. त्याचे ओझे मात्र खालचा अर्धा भाग वाहतो, आणि त्याला कोणी हात लावलेला नसतो. कारखान्यात असा बदल करताना बाकीच्या भागांचा हिशेब मांडता येतो, चाचण्या घेता येतात. रस्त्याकडेच्या टपरीत ती चाचणी घाटातच होते, गाडीवर माणसे बसलेली असताना.

आणि घाट ही अशा इंजिनाची सर्वात वाईट परीक्षा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वेगाने वाहणारी हवा लागते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, वेग मात्र पंधरा-वीसचा. ताप वाढतो, दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच ठिकठिकाणी पेट घेऊ लागते, आणि आतून ठोके ऐकू येतात. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा धोका टाळते. पण अडीअडचणीला दुकानातल्या बाटलीतले पेट्रोल भरणाऱ्याला ती निवड कुठली? कायद्याचीही अडचण आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. 2019च्या दुरुस्तीने त्यासाठी दंड आणि कैदेची तरतूद केली. पुढे अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतोच.

हे सगळे मी पत्रकावरून त्याला सांगितले. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि विचारले, “तुला पळायचंय का चढायचंय, ते सांग आधी.” मग म्हणाले, “मागची चक्री दोन दात्यांनी मोठी टाक. इंजिनाला कशाला त्रास देतोस?” मागे 42 ऐवजी 44 दाते घातले, तर चाकावरची ओढ पावणेपाच टक्क्यांनी वाढते आणि सपाटीवरचा वेग जवळजवळ तेवढाच घटतो. इंजिनाकडे अधिक काही न मागता, आहे तीच ताकद गरजेच्या ठिकाणी वळवायची. दम ‘धरणे’ म्हणतात ते बहुधा हेच असावे.

त्याने चक्री बदलली. घाटात गाडी आता मरत नाही. नाशिकच्या सरळ रस्त्यावर मात्र मित्र त्याला मागे टाकून जातात, आणि त्याचे त्याला वाईट वाटते. ते वाईट वाटणेही खरे आहे. विशीतल्या मुलाने फक्त चढण्याचीच इच्छा धरावी, वेगाची धरू नये, असे कोणी का म्हणावे?

मला अस्वस्थ करतो तो दुसराच विचार. या तालुक्यात ‘क्षमतावर्धन’ हा शब्द आम्ही शिक्षक प्रशिक्षणांतून सतत ऐकतो. अभ्यासक्रम वाढतो, चाचण्या वाढतात, अपेक्षांचा दाब चढतो. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारे मूल वर्गात परत येते, तेव्हा त्याच्याकडून तेवढाच वाढीव जोर मागितला जातो. त्याचे खाणे, त्याची झोप, घरातली मजुरी, पाड्याचा रस्ता यांना कोणी हात लावलेला नसतो. वर्गात मूल गप्प बसले की आपण म्हणतो, त्याच्यात दम नाही. हे निदान करण्यापूर्वी, आपण हाफ इंजिनाचेच काम केले आहे का, हे विचारायला हवे. मिस्त्री निदान खालचा आवाज ऐकायला कान लावतात.