मेमू आणि माग

आज पुन्हा भिवंडी रोडच्या फलाटावर ताटकळलो. वसई–दिवा मार्गावर मोजक्याच मेमू गाड्या. फेऱ्या वाढवा म्हणून प्रवासी निवेदनं देऊन थकले. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं, तरी ठाणं गाठायला आपली एसटी, नाहीतर खच्चून भरलेली शेअर रिक्षा. इथल्या गोदामांतून अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टचा माल मात्र दुसऱ्या दिवशी घरपोच!

पण प्रवाशांच्या या हालांपेक्षा मला जास्त भिडते ती इथल्या यंत्रमागवाल्यांची झुंज. २००७ मध्ये भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं, तेव्हापासून बिलांवरून मोर्चे निघत आलेत. कापडाला भाव नाही, सुताचे दर हाताबाहेर. त्यात चार-सहा मागांचा मालक मोर्चाला गेला की त्याचे माग बंद. त्या दिवसाची मजुरी कुठल्या निवेदनात मांडायची?