शोधणे आणि ओळखणे

मराठीच्या प्राध्यापकाने क्वांटम संगणकाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. माझे कारण शब्दकोशातले आहे. हरवलेल्या बैलाचा शोध, गुरुत्वाकर्षणाचा शोध आणि तुकारामांच्या अप्रकाशित अभंगांचा शोध, या तिन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो. लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली मांडलेली शोधण्याची रीत समजून घेताना मात्र या शब्दाचे पापुद्रे मला वेगळे करावे लागले.

ग्रोव्हर मूळचे मेरठचे; दिल्लीच्या आयआयटीत शिकून अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये गेले. त्यांचा प्रश्न साधा होता. टेलिफोन डिरेक्टरीतील दहा लाख नावे कोणत्याही क्रमाविना छापलेली असतील, तर हवे ते नाव सापडायला किती नोंदी पाहाव्या लागतील? सरासरी पाच लाख. ग्रोव्हर यांच्या रीतीने सुमारे ७८५ वेळा विचारून भागते, कारण तिथे श्रम नोंदींच्या संख्येनुसार नव्हे, तर तिच्या वर्गमुळानुसार वाढतात. १९९७ मधील त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच गवताच्या गंजीतली सुई आहे. (डहाणू-तलासरीत गवताची गंजी हा नुसता वाक्प्रचार नव्हे. १९४५ साली वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी इथे संप केला होता. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगायला नको. असो.)

क्वांटम संगणक साऱ्या नोंदी एकदम पाहतो आणि हवी ती उचलतो, असे वर्तमानपत्री लेखांत वाचायला मिळते. ते खरे नव्हे. चार चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीला एक आकडा चिकटलेला आहे. त्याला आयाम म्हणू. आयामाचा वर्ग म्हणजे ती चिठ्ठी हाती येण्याची शक्यता. शक्यता कधी उणे नसते, आयाम मात्र उणे होऊ शकतो. सारी किमया इथेच आहे. आरंभी चौघींचा आयाम अर्धा. आता हव्या त्या चिठ्ठीचे चिन्ह तेवढे पालटायचे: ती उणे अर्धा झाली. चौघींची सरासरी पाव. मग प्रत्येक आकडा सरासरीच्या पलीकडे तितक्याच अंतरावर न्यायचा. तीन चिठ्ठ्या सरासरीच्या पाव वर होत्या, त्या शून्यावर येतात. चौथी पाऊण खाली होती, ती एकावर जाते. एका प्रश्नात काम झाले! चिठ्ठ्या अधिक असतील तर हीच कृती पुनःपुन्हा करायची, पण योग्य वेळी थांबायचे. पुढे रेटली तर वाढलेला आयाम पुन्हा घटू लागतो. चार नोंदींचा हा प्रयोग १९९८ साली क्लोरोफॉर्मच्या रेणूंवर प्रत्यक्ष झाला. २०२४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पार पडली. सहा क्युबिट म्हणजे फार तर चौसष्ट चिठ्ठ्या.

पण चिन्ह पालटणारा कोण? इंग्रजीत त्याला ‘ओरॅकल’ म्हणतात. मी ‘कौल’ म्हणेन. कोकणात देवाला कौल लावतात तसेच हे आहे: हीच का ती? हो किंवा नाही. म्हणजे ही रीत शोधणे वेगवान करते, ओळखणे मात्र गृहीत धरते. आणि पत्र्याच्या ट्रंकेतील कागदांना तर ती लागूच पडत नाही, कारण ते आधी एकेक करून यंत्रात भरावे लागतील, आणि तेवढ्या श्रमात ट्रंकच पाहून होईल.

ट्रंकेचे उदाहरण मी उगीच घेतलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा दावेदाराला द्यावा लागतो. आमच्याकडे घरोघर पुरावा म्हणून काय निघते? वनजमिनीवर ‘अतिक्रमण’ केल्याबद्दल कधीकाळी भरलेल्या दंडाची पावती. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवले, त्याच कागदावर आज हक्क उभा राहतो. हा विरोधाभास कथेत आला असता तर मी त्याला कृत्रिम म्हटले असते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशी पावती दोन दिवसांत सापडली. शोध संपला, ओळख अडली. पावतीवर ‘सोम्या’, आधार कार्डावर ‘सोमा’, आणि बापाचे नाव दोन्हीकडे निराळ्या तऱ्हेने लिहिलेले. सोमवारी जन्मला तो सोम्या. अशी माणसे पाड्यागणिक. नेमका कोणता सोम्या, हा कौल कोणत्या यंत्राने द्यावा? यंत्राला अक्षरे जुळवायला सांगाल तर ते निमूट ‘नाही’ म्हणेल, आणि तेही फार वेगाने.

कौल दिला तो पाड्यावरच्या एका म्हातारीने. कायद्याखालच्या २००८ च्या नियमांत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे. ती वारलीत बोलली: हा सोम्या तो हाच, ओढ्याकाठच्या तुकड्यात नागली पेरायचा, दंड भरायला त्याने बकरी विकली होती. विद्यार्थ्याने ते प्रमाण मराठीत उतरवले आणि शुद्धलेखन पाहायला माझ्याकडे आणले. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. ‘सोम्या’चा त्याने ‘सोमा’ केला होता, तो पुन्हा ‘सोम्या’ केला, आणि बकरीचे वाक्य त्याने गाळले होते, ते घालायला लावले.