बेगमी

हॉस्टेलवरच्या कुणालाही विचारा, दिवाळीच्या सुट्टीनंतर घरून आणलेला फराळाचा डबा किती वेळ टिकतो? आमच्या विंगचं रेकॉर्ड पावणेदोन तासांचं आहे, आणि त्यातला पाऊण तास झाकण निघत नव्हतं म्हणून गेला. पुढचा महिना आपण मेसची उसळ आणि रात्रीची मॅगी यावर काढतो. उपाशी मात्र कुणी राहत नाही, कारण गेटबाहेर टपरी आहे. पण जिथे गेटबाहेर टपरी नसून नुसतं पाणी असतं, आणि तेही खारं, तिथे माणसं सामान कसं भरतात? हे मी डिसेंबर २०२४ च्या सुट्टीत दहा-अकरा दिवस पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, त्यात एक मोठा घोळही घातला. तो सांगण्यासाठीच हा लेख.

माझी आत्या आणि काका (आत्तोबा म्हटलेलं त्यांना आवडत नाही) बोटीवर राहतात. काका मर्चंट नेव्हीत मरीन इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि मलेशियातल्या लंगकावी बेटावर एक सेकंडहँड शिडाची बोट घेतली. ३८ फुटी. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या साधारण तीन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी, आणि रुंदी एकाच खोलीची. आजी अजूनही लोकांना "ते मलेशियात असतात" एवढंच सांगते.

तर जानेवारीत हे दोघं लंगकावीहून श्रीलंकेतल्या गॉलला आणि तिथून पुढे कोचीला जाणार होते. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, पश्चिमेला जायचं तर हाच मोसम. लंगकावी ते गॉल सुमारे १२०० सागरी मैल. शिडाच्या बोटीचा सरासरी वेग ताशी ५ मैल धरा. म्हणजे २४० तास, सरळ १० दिवस. वाटेत दुकान नाही. आजीने माझ्याबरोबर गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम, पोह्याचे पापड आणि लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या होत्या. माझे स्वतःचे कपडे हँडबॅगेत मावले यावरून अंदाज करा.

पहिल्याच रात्री मी लॅपटॉप काढून एक्सेल शीट उघडलं. काय काय लागतं, रोज किती, गुणिले दिवस, गुणिले दोन माणसं. काका म्हणाले, "दिवस १० नाही, २० धर." वारा पडला तर? डोलकाठीला काही झालं तर? म्हणून सगळं दुप्पट. पाणी माणशी रोज ४ लिटर, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून. म्हणजे १६० लिटर. बोटीत दीडशे-दीडशे लिटरच्या दोन टाक्या होत्या. मी म्हटलं मग झालं की. तर काकांनी वर २० लिटरचे ६ कॅन भरायला लावले.

त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. जगाला न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीने पहिली फेरी मारणारा माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परत आला. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली! वाटेत वादळाचा मार बसल्यावर त्याच्या टाकीतलं पाणी खराब झालं, आणि पुढे तो बराचसा शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी गोळा करून जगला. तेव्हा पाणी कधी एका जागी ठेवायचं नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटी फक्त पेलाभर गोड्या पाण्याने विसळायची. भातात मिठाऐवजी थोडं समुद्राचंच पाणी. (मी खाल्ला. चांगला लागतो. मेसच्या भातापेक्षा तर नक्कीच.)

मग बाजार. लंगकावीचं मुख्य गाव कुआ. शिवाय बेटावर रोज संध्याकाळी वेगवेगळ्या गावात बाजार भरतो, आपल्या आठवडे बाजारासारखा. दोन दिवसांत मला मलय भाषेतले चार शब्द आले: बावांग म्हणजे कांदा, तेलूर म्हणजे अंडी, कुबिस म्हणजे कोबी, हालिया म्हणजे आलं. आत्या प्रत्येक कांदा दाबून बघायची. मी कंटाळून म्हटलं, "आत्या, कांदाच आहे, हापूस नाही." ती म्हणाली, "एक नासका निघाला ना, की आठव्या दिवशी सगळी जाळी फेकावी लागेल. तिथे काय तुझा डीमार्ट आहे?"

अंडी ६० घेतली, पण फ्रीजमध्ये कधीही न ठेवलेली आणि न धुतलेली, हे दुकानदाराला तीनदा विचारून. एकदा थंड केलेलं अंडं बाहेर फार टिकत नाही. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते. म्हणून प्रत्येक अंड्याला व्हॅसलीनचा हात द्यायचा आणि दोन-तीन दिवसांनी ट्रे उलटा करायचा, म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही. असं केलं की महिनाभर फ्रीजशिवाय टिकतात. शंका आली तर पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं की समुद्रात. ६० अंड्यांना व्हॅसलीन मी लावलं. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "स्वतःच्या टाचांना लावलंस का रे कधी?"

कोबी सुरीने कापायचा नाही, बाहेरून एकेक पान काढत जायचं, मग गड्डा तीन आठवडेही जातो. टोमॅटो हिरवे घ्यायचे आणि एकेक कागदात गुंडाळायचे. बटाटे आणि कांदे शेजारी ठेवायचे नाहीत, बटाट्यांना मोड येतात. केळी सगळ्यांपासून लांब, कारण पिकताना त्यातून जो वायू सुटतो त्याने बाकीची फळंही पिकायला लागतात. आणि कितीही लांब ठेवा, घड एकाच दिवशी पिकतो! त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ शिकरण.

कांदे जाळीत घालून केबिनच्या छताला टांगताना आत्या म्हणाली, "आगोट आली बघ." मी विचारलं, कोण आली? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मला 'नोहाज आर्क'मध्ये कोण कोण चढलं ते तोंडपाठ, पण आगोट म्हणजे काय हे विसाव्या वर्षी मलेशियात कळलं. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर घराघरात जी बेगमी करतात ती आगोट. नद्यांना पूर, रस्ते बंद, मासेमारी बंद, मग चार महिन्यांचं सगळं आधीच भरायचं. तांदूळ, सुकट, कोकम, सांडगे, आढ्याला कांद्याच्या माळा. आत्या म्हणाली, "तुझी आजी पंधरा माणसांचं चार महिन्यांचं भरायची, आणि लिहिता तिला येत नव्हतं." मी एक्सेल जरा मिनिमाइझ केलं.

त्याच आठवड्यात, २२ डिसेंबरला, आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 'तारिणी' घेऊन न्यूझीलंडच्या लिटल्टनला पोहोचल्या. २ ऑक्टोबरला गोव्याहून निघालेल्या, दोघीच. (मे २०२५ मध्ये फेरी पूर्ण करून त्या गोव्याला परतल्या.) काकांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आत्याने एवढंच विचारलं, "अंडी किती नेली असतील रे त्यांनी?"

आता डबे. छोले, राजमा, मका, मशरूम, अननस, टुना असे मिळून ७२ डबे. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर येऊ द्यायची नाहीत, त्यात झुरळांची अंडी असतात. म्हणून खोकी जेट्टीवरच फोडली. डब्यांवरचे कागदही सोलून काढायचे. ते ओल्याने सुटतात, बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात जातात आणि ते पाणी उपसणाऱ्या पंपाची जाळी बंद करतात. मग डब्यावर मार्करने लिहायचं. मी शॉर्टकट म्हणून एकेक अक्षर लिहिलं. 'म' म्हणजे मका की मशरूम, हे दुसऱ्या दिवशी मलाच कळेना.

आणि ते रचायचे कुठे, हे काम मी मागून घेतलं. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवलं. जड वस्तू खाली आणि बोटीच्या मध्यभागी हवी. पुढच्या टोकाला वजन ठेवलं तर बोट लाटेवर जास्त आपटते. म्हणून मधल्या बंकखालच्या लॉकरमध्ये ७२ डबे अगदी गच्च, न वाजता बसवले. काकांना दाखवलं. ते म्हणाले, "वा, इंजिनिअर!" त्या रात्री मी त्याच बंकवर झोपलो, फार समाधानाने.

२८ तारखेला सगळं वजन चढवून आम्ही बेटाबाहेर एक चक्कर मारायला गेलो. काकांनी ऑटोपायलट लावला. हे यंत्र ठरवलेल्या दिशेने सुकाणू आपोआप धरतं. बोटीवर दोनच माणसं असली की त्याच्याशिवाय चालत नाही, दहा दिवस चोवीस तास सुकाणू हातात कोण धरणार? दिशा दिली २७०, म्हणजे पश्चिम. ऑटोपायलटच्या स्क्रीनवर २७०. पण समोरच्या होकायंत्रावर २९२! काकांनी बंद करून चालू केला, वायरी तपासल्या, तेच. दुसऱ्या दिशेला वळवलं तर फरक वेगळा. २२ अंश म्हणजे दिवसाला १२० मैल गेलो तर ४५ मैल भलतीकडे. जीपीएसवर ते दिसलं असतं हे खरं. पण पहाटे तीनला एकटं माणूस पेंगत जागं असताना, सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ मोठमोठ्या जहाजांच्या रांगा चाललेल्या असताना, हे कळायला थोडाच उशीर पुरे.

संध्याकाळी काका गप्प होते. सेन्सर गेला असणार, म्हणाले. नवीन मागवायचा तर न्यू इयरच्या सुट्ट्या, दोन आठवडे तरी, आणि किंमत म्हणजे त्यांचा महिन्याचा खर्च. त्यांनी दुकानाला ई-मेलही टाकला. आत्या टोमॅटोंकडे बघत होती. ते दिवस मोजत होते.

रात्री बंकवर पडलो आणि कधीतरी दोनच्या सुमाराला डोक्यात ट्यूब पेटली. सेन्सर कुठे असतो? बोट जिथे सगळ्यात कमी हलते तिथे, म्हणजे खाली, मध्यभागी. मी डबे कुठे ठेवले? बोट जिथे सगळ्यात कमी हलते तिथे. फळी उचलून मोबाईलचा टॉर्च मारला. लॉकरच्या पलीकडच्या पातळ फळीवर स्क्रूने बसवलेली एक काळी डबी, आणि तिच्यापासून वीतभरावर माझा छोल्यांचा ढीग. 'टिनचा डबा' म्हणतो आपण, पण टिनचा नुसता मुलामा असतो, आत स्टील. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र केवढं, तर तिकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. शेजारी ७२ स्टीलचे डबे म्हटल्यावर बिचारा सेन्सर काय करणार? आमच्या ब्रँचला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आहे. मी तो पेपर पहिल्या फटक्यात काढलाय.

आणि खरं सांगतो, पहिला विचार काय आला? की आत्ताच गुपचूप डबे हलवावेत. सकाळी यंत्र आपोआप बरं झालेलं असेल, ३० ला माझं विमान, कुणाला काही कळणार नाही. चार डबे बाहेर काढलेसुद्धा. पण मग काका काय समजतील? सेन्सर अधूनमधून बिघडतो. मग एकतर ते त्याच्यावर कधीच विश्वास ठेवणार नाहीत आणि दहा रात्री जागतील. नाहीतर विश्वास ठेवतील, आणि पाचव्या दिवशी आत्या जागा रिकामी दिसते म्हणून उरलेले डबे पुन्हा तिथेच सरकवेल. तेव्हा मी कुठे असेन? सबमिशनच्या रांगेत. मी मांडीवर अननसाचा डबा घेऊन तसाच बसून राहिलो.

पावणेतीनला काकांना उठवलं.

ते काही बोलले नाहीत. उठून टॉर्च घेतला, पाहिलं, आणि एक डबा सेन्सरजवळ नेऊन स्क्रीनवरचा आकडा हलतो का ते बघत बसले. हलत होता. मग म्हणाले, "मी तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. मला दुपारीच सुचायला पाहिजे होतं." मी म्हटलं, डबे तिथेच ठेवून सेन्सर नव्याने कॅलिब्रेट केला तर? "आणि रोज दोन डबे खाल्ले की? जेवण होईल तशी दिशा बदलत जाईल." हे ऐकून आत्या हसत उठली आणि चहा टाकला.

पहाटेपर्यंत सगळं पुन्हा रचलं. डबे मागच्या दोन लॉकरमध्ये, दोन्ही बाजूंना सारखे. अंतराच्या घनाच्या प्रमाणात परिणाम घटतो, त्यामुळे दोन मीटर पुष्कळ झाले. मधे तांदूळ, डाळी आणि पाण्याचे प्लास्टिकचे कॅन. २९ ला बाहेर जाऊन काकांनी बोट सावकाश गोल फिरवून सेन्सर कॅलिब्रेट केला. मग दिशा २७०, होकायंत्र २७१. काकांनी दुकानाला दुसरा ई-मेल टाकला आणि मला म्हणाले, "तुझ्या एक्सेलमध्ये एक कॉलम वाढव. लोखंड: हो किंवा नाही."

ते जानेवारीत निघाले आणि अकराव्या दिवशी गॉलला पोचले. त्या अकरा दिवसांत मी व्हायव्हाला जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. आत्याचा फोन आला तेव्हा तिने उरलेल्या सामानाची यादी वाचून दाखवली: पाणी १९० लिटर, अंडी २३, पैकी एकही खराब नाही, कोबी पाव गड्डा, डबे ४९. 'म'चे सगळे डबे मशरूमचे निघाले, मका कुठे गेला ते कळत नाही. मेतकूट सहाव्या दिवशीच संपलं होतं.